वाळवी लागत नाही

अगं, तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो.

ताई तेव्हा संग्रहालयाच्या तळघरात एका कपाटाखाली पालथी पडली होती. हातात टॉर्च, तोंडाला मास्क, केसांत जळमटं. वाळवी शोधत होती. तिचं कामच ते. लोकांना वाटतं ती संग्रहालयात मूर्ती पुसते आणि पाहुण्यांना माहिती सांगते. तसलं काही नाही. जुनं लाकूड, कातडी, पिसं, कापड, म्हणजे किड्यांना जे जे आवडतं ते ते किड्यांपासून वाचवायचं, याचा तिला पगार मिळतो. दाजी म्हणतात, हिच्याशी लग्न झाल्यापासून आमच्या घरात झुरळसुद्धा चपला काढून येतं.

तर ती पालथी, आणि फोन वाजला. बसवाल्याचा.

बसवाला म्हणजे तिकडे नदीकाठी जे आदिवासी राहतात ना, त्यांच्यातला. रोज बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या लोकांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. आवाज एकदम सपाट. आग लागली हे सांगायचं असेल तरी आधी जेवलात का विचारेल.

"ताई, कामात आहात का?"

"कपाटाखाली आहे. बोला."

"नाही, म्हटलं कानावर घालावं. तो काही जात नाहीये."

"कोण?"

"आमचा म्हातारा. वाळवी लागत नाहीये त्याला."

ताई बाहेर आली नाही. तिच्या समोरच, कपाटाच्या पायावर, मातीची एक बारीक नळी चढत होती. ओली, ताजी. वाळवी नुकती लागायला लागली होती. एरवी तिने ती लगेच खरवडून काढली असती. ती नुसती बघत पडून राहिली. बोट लावलं नाही.

थांब, आता मागचं सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

त्या लोकांत काय करतात, माणूस वारला की त्याचा लाकडात चेहरा कोरतात. वर्षभर तो घरात ठेवतात, सगळ्यांबरोबर, भिंतीला टेकवून. मग वस्तीबाहेर एक मोठं वारूळ आहे, त्याच्यावर नेऊन ठेवतात. मग वाळवी त्याला खाते. सावकाश खाते, कुणी घाई करत नाही. सगळा खाल्ला की माणूस गेला. तोपर्यंत तो नुसता वारलेला असतो, गेलेला नसतो. हे दोन त्यांच्यात वेगळे आहेत. आणि जाईपर्यंत त्याचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. गेला की नाव मोकळं होतं. मग ते घरातल्या पुढच्या बाळाला ठेवतात, मुलगा असो की मुलगी. आणि नावाबरोबर त्या माणसाचं जे काही असेल ते त्या बाळाचं. कुणाचं झाड असतं, कुणाचा झरा.

आमचा म्हातारा, म्हणजे बसवाल्याच्या खापरपणज्यांपैकी कुणीतरी, त्याचं नदीचं वळण होतं. तिथे पाणी खोल आणि संथ, मासे मुक्कामाला असतात म्हणे. तो वारला, त्याचा चेहरा वारुळावर ठेवला आणि चारच दिवसांत कुठलातरी अधिकारी घोड्यावरून जाता जाता तो उचलून घेऊन गेला. आवडला म्हणून. मग संग्रहालय, काच, खाली पाटी, "विधीत वापरायचा मुखवटा". तेव्हापासून म्हातारा गेलेलाच नाही. नाव अडकलं, आणि नावाबरोबर वळण. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कुणी जाळं टाकलेलं नाही. बाजूने होड्या नेतात, पण वळणात हात घालत नाहीत. ते दुसऱ्याचं आहे, आणि तो दुसरा काचेत आहे.

आता सरकारचं म्हणणं काय, की वळण इतकी वर्षं रिकामं आहे, म्हणजे कुणाचंच नाही. तिथे वाळू उपसायची आहे त्यांना.

यांच्या बाजूने एक वकीलबाई आहेत. बारक्या चणीच्या, पण बोलायला लागल्या की समोरचा खुर्ची मागे घेतो. ताईच्या साहेबांसमोर बसून म्हणाल्या, "आदिवासींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याच्या बाजूने आपल्या देशाने मत दिलंय. त्यात लिहिलंय, आदिवासींच्या विधींच्या वस्तू त्यांना परत मिळाल्या पाहिजेत. आणि जी जमीन, जे पाणी त्यांच्या रीतीने त्यांचं, ते त्यांचंच. रिकामं ठेवणं हीसुद्धा रीत झाली, साहेब. तुमच्या घरातली देवाची खोली रिकामी असते, म्हणून तिथे कुणी भाडेकरू ठेवतं का?"

साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी चेहरा परत द्यायला तयार झाले. वळणाच्या सुनावणीत मात्र अधिकारी म्हणाला, "ठीक आहे, बाई, तुमची रीत मान्य. मग त्या रीतीने आजचा धनी कोण? त्याला माझ्यासमोर आणा."

आणि धनी कोण, तर बसवाल्याची नात. तान्ही. आणि तिला नावच नाही! म्हाताऱ्याचं नाव तिलाच ठेवायचं म्हणून घरच्यांनी अडवून धरलेलं. सगळे तिला "ए" म्हणायचे. ए रडतेय, ए झोपली.

चेहरा बांधून द्यायचं काम ताईकडे आलं. तिने तपासला. जुन्या काळी संग्रहालयवाले किडे लागू नयेत म्हणून वस्तूंना सोमल चोळायचे. भयंकर विष. म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत पांढरी पूड अजून होती. ताईने बसवाल्याला समोर बसवून बजावलं.

"हातमोज्याशिवाय धरायचा नाही. पोरांचा हात लागू द्यायचा नाही. घरात तर मुळीच ठेवू नका."

"घरात ठेवायचाच नाहीये," बसवाला म्हणाला.

"मग काही काळजी नाही."

अगं, एवढंच बोलणं! कुठे ठेवणार, हे तिने विचारलं नाही. अर्जात "अंत्यविधीसाठी" असं होतं. तिला वाटलं, गाणी म्हणतील, फुलं वाहतील आणि मग बांधतील एखादं छोटं दालन. तिच्या डोक्यात वस्तू म्हणजे जपायची. आणि त्यांच्यात विचारल्याशिवाय सांगायची पद्धत नाही. माणसांना विष लागू नये म्हणून तिने जिवाचा आटापिटा केला. किड्यांना लागलं तर काय होईल, हे कशाला तिच्या मनात येणार? किड्यांना लागावं म्हणूनच तर ते चोळलेलं.

फोन आला त्यानंतर दोन दिवसांनी ताई तिकडे गेली. साहेबांना सांगितलं, आजेसासूबाई आजारी आहेत. दाजींची आजी मी शाळेत असतानाच वारली.

बसवाला थांब्यावर उभा होता, गणवेशातच. दुपारची फेरी कुणाच्या तरी गळ्यात मारून आलेला. दोघं चालत गेली. वारूळ माणसापेक्षा उंच आहे म्हणे, लाल मातीचं, त्याला सुळके सुळके. आणि त्याच्या अंगाखांद्यावर चेहरे. काही निम्मे, काहींची नुसती हनुवटी उरलेली, काही जाळीसारखे, फुंकर मारली तर उडतील असे. आणि सगळ्यांत वर आमचा म्हातारा. जसा तिने खोक्यात ठेवला होता तसाच. केसभर फरक नाही.

ताईने वारुळाला कान लावला. मग नखाने एक ढेकूळ काढलं. जिवंत वारूळ असेल ना, तर आत ओल असते आणि भसाभस किडे वर येतात भोक बुजवायला. इथे कोरडं. नुसते बोगदे. हातात धूळ आली. मध्यंतरी पाऊस पडून गेला होता, म्हाताऱ्याच्या अंगावरचं सगळं वारुळात झिरपलं होतं. पूर्ण वारूळ मेलं होतं.

ती तशीच उकिडवी बसली. तिच्या डोळ्यांसमोर एक चेहरा होता, बाईचा. उजवी बाजू खाऊन झालेली, डावा गाल आणि डावा डोळा शाबूत. लाकूड नवं होतं.

"या कोण?"

"आमच्या घरातली." बसवाला म्हणाला. मग म्हणाला, "बायको."

पुढची गाडी किती वाजता आहे हे सांगावं, अगदी त्या आवाजात.

"अर्धी गेली होती. मग थांबली."

"तुम्ही फोनवर बोलला नाहीत."

"तुम्ही कपाटाखाली होता."

ताई म्हणाली, मला रडू यायला हवं होतं गं. आलंच नाही. मी घड्याळ बघितलं. का बघितलं, माहीत नाही.

मग दोघं त्याच्या घरी गेली. बसवाल्याची आई आहे, वस्तीत सगळे तिला मोठी आई म्हणतात. ती दारात जाळं शिवत बसली होती. बसवाल्याची लेक बाळाला मांडीवर घेऊन बाजूला. बाळ जाळ्याचं टोक चघळत होतं, आणि दर थोड्या वेळाने मोठी आई न बघता ते तिच्या तोंडातून काढून घ्यायची.

"औषध मारलेलं म्हणे त्याला," मोठी आई म्हणाली.

"हो."

"कशाला?"

"टिकावा म्हणून."

"टिकला," म्हातारी म्हणाली आणि पुढची गाठ मारायला लागली.

ताईला वाटलं ती शिव्या देईल. देत नव्हती. तिने नुसतं मान्य केलं होतं, की बाई, तुमचं काम चोख आहे.

"धुऊन निघेल का?" लेकीने विचारलं.

"आत मुरलंय. धुतलं तर पाणी कुठे जाणार? नदीतच."

"मग जाळून टाकू."

"तो धूर घेतला तर माणूस मरेल."

"आणि जाळायचं नाही." मोठी आई म्हणाली. "जाळलं की माणूस जात नाही. नुसता दिसेनासा होतो."

ताईकडे एक उत्तर होतं. येताना बसमध्येच सुचलेलं. पण तोंडातून निघत नव्हतं. चेहऱ्याच्या मागच्या बाजूला, भिंतीवर टांगायला म्हणून कुणीतरी कधीकाळी खिळा ठोकला होता. त्या भोकातलं लाकूड तिने बांधताना तपासलं होतं. सोमल तपासायची कागदाची पट्टी असते, विष असेल तर ती पिवळी, तपकिरी होत जाते. खोल आतलं लाकूड लावल्यावर ती पांढरीच राहिली होती.

"वरचा थर काढता येईल," ती म्हणाली. "आतलं लाकूड स्वच्छ आहे. ते वाळवी खाईल."

"वरचा थर म्हणजे काय?" बसवाल्याने विचारलं.

"म्हणजे... नाक. डोळे. सगळं."

"म्हणजे चेहराच."

"हो."

मोठ्या आईचे हात थांबले.

"आत जो आहे, तो तोच ना?"

"लाकूड तेच आहे."

"मी लाकडाचं विचारत नाहीये."

काय सांगणार? तिच्या शिक्षणात याचा धडाच नाही. बाळाने परत जाळं तोंडात घातलं. म्हातारीने ते काढलं, लाळ पदराला पुसली आणि म्हणाली, "काढ."

बसवाला म्हणाला, मी करतो. ताई म्हणाली, अजिबात नाही, त्याची पूड छातीत गेली तर तुमची बस कोण चालवणार, हे माझं काम आहे. तेव्हा लेक म्हणाली, "बघा हं ताई. आमच्यात शेवटचा हात ज्याचा लागतो, त्यालाच शेवटी विचारतात."

"काय विचारतात?"

"ते तेव्हा विचारतात."

पुढच्या सुट्टीला ताई सामान घेऊन परत गेली. संग्रहालयात नेऊन करते म्हटलं तर मोठी आई नाही म्हणाली. त्या घरात पुन्हा नाही. मग वस्तीच्या बाहेर ताडपत्री बांधली. खाली प्लास्टिक अंथरलं. ताईने पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख चढवला, पोरं लांबून ओरडायला लागली, चंद्रावरची बाई आली! ती एकदाच हसली, आत, मास्कमध्ये, कुणाला दिसलं नाही. मग तिने लाकूड ओलं केलं, म्हणजे पूड उडत नाही, आणि पटाशी घेतली.

आता तू विचार कर. या बाईने आजपर्यंत एक ढलपी कशाची पडू दिलेली नाही. पडली तर चिमट्याने उचलून, चिकटवून, फोटो काढून ठेवायचा, अशी तिची सवय. आणि तिने पहिल्यांदा भुवई काढली. मग दुसरी. गाल लवकर निघाले. नाकाला वेळ लागला, नाक जाड होतं. ओठांशी ती थोडी थांबली, पट्टी लावून बघितली, तपकिरी झाली, मग तेही काढले. मी विचारलं, ताई, कसं वाटत होतं गं? म्हणाली, काहीच नाही. भेंडी चिरताना वाटतं तेवढंसुद्धा नाही. फक्त बोटं माझी आहेत असं वाटत नव्हतं.

शेवटी उरलं काय, तर एक लांबट फळी. दोन्हीकडून दाबलेल्या पोळपाटासारखी. पट्टी पांढरी राहिली.

आणि ढलप्या. त्या तिने प्लास्टिकवरून वेचून, शेवटची कुसळं ओल्या फडक्याने टिपून काचेच्या बरणीत भरल्या, झाकण लावलं, त्यावर मेण ओतलं.

"हे मी घेऊन जाते," ती म्हणाली. "इथे नको."

बसवाल्याने मान हलवली. कुठे नेणार, हे कुणी विचारलं नाही.

ओढ्याच्या पलीकडे दुसरं वारूळ होतं, लहानसं, जिवंत. फळी तिथे ठेवली. बायकोचा अर्धा चेहराही तिथे नेला, आधी पट्टी लावून बघितला, तो स्वच्छ निघाला. बसवाल्याने तो शर्टाच्या आत धरून नेला, लहान मूल नेतात तसा, आणि ओढ्यात पाय घसरला तेव्हा स्वतः पडला पण हात वर ठेवला. बाकीचे चेहरेही पट्टी लावून बघितले, आणि ज्याच्या त्याच्या घरच्यांनी ते पुढच्या वारुळांवर नेले. जुन्या वारुळाला काटेरी कुंपण घातलं.

मग वाट बघणं. इकडे संग्रहालयात विषारी कचरा न्यायला एक गाडी येते, महिन्याकाठी. जुनी रसायनं, वापरलेले हातमोजे, असलं सगळं घेऊन जाते आणि कुठल्यातरी भट्टीत घालते. नियमच आहे. ताईने पहिल्या महिन्यात सगळं दिलं, बरणी दिली नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. विषाच्या कपाटात, सगळ्यांत मागे, अंधारात ठेवलेली. मी म्हटलं, देऊन का टाकत नाहीस? म्हणाली, पुढच्या वेळी. दाजी म्हणाले, लोक लोणची घालतात बरणीत, माझी बायको माणसं घालते. ती हसली नाही. दाजीच मग ओशाळले.

एक दिवस आम्ही जेवत होतो आणि फोन आला.

"जेवलात का?" बसवाला.

"जेवतेय. बोला."

"लागली, ताई."

ताईने घास खाली ठेवला. "कोणाला?"

"दोघांनाही."

दाजी म्हणाले, वाळवी लागली म्हणून तुझा चेहरा इतका उजळलेला मी कधी बघितला नाही. पण उजळला वगैरे काही नव्हता हं. मी समोरच होते. ती नुसती भातात पाणी घालून बसली होती. आमटी समजून.

मग काही आठवड्यांनी बोलावणं आलं. सगळे नव्या वारुळापाशी जमले होते. गाणं नाही, बजावणं नाही. माणसं उभी, हात मोकळे सोडून. वकीलबाईही आल्या होत्या, चपला हातात घेऊन, चिखलात. पुढच्याच आठवड्यात सुनावणी. वारुळावर काही नव्हतं. फळी नाही, बायको नाही. ताईने वाकून बघितलं, मातीत भुशाएवढंही काही शिल्लक नव्हतं. बसवाला जिथे बायको होती त्या जागेकडे बघत होता, बस निघून गेल्यावर माणूस रस्त्याकडे बघतो तसा.

मोठी आई लेकीच्या हातातून बाळाला घेऊन पुढे आली.

"शेवटचा हात कोणाचा?"

सगळ्यांनी ताईकडे बघितलं.

"सगळा गेला का?" म्हातारीने विचारलं.

बस. एवढंच विचारायचं असतं त्यांच्यात. आणि उत्तर एका शब्दाचं. गेला म्हटलं की त्याच क्षणी बाळाच्या कानात नाव. नाही म्हटलं की सगळे मुकाट घरी, नाव परत अडकलं, वळण अडकलं, आठ दिवसांनी त्या अधिकाऱ्यासमोर कुणाला उभं करणार? आणि ताईच्या डोक्यात ती बरणी. भुवया, नाक, ओठ. मेणाने बंद. तिने स्वतः बंद केलेली, आणि स्वतःच न दिलेली.

वकीलबाई तिच्याकडे बघत होत्या, भुवया उंचावून, बोला ना. बाळाने म्हातारीच्या कानातलं ओढलं.

"गेला," ताई म्हणाली.

मोठ्या आईने बाळाच्या कानात नाव सांगितलं. मग लेकीने ते नाव घेतलं, मग बसवाल्याने, मग एकेक करत सगळ्यांनी. इतक्या वर्षांत जे कुणी उच्चारलेलं नव्हतं ते नाव सगळे साधं, हळू, रोजच्यासारखं म्हणत होते. बाळ प्रत्येक वेळी त्या त्या माणसाकडे बघत होतं. कुणी रडलं नाही, कुणी हसलंही नाही.

परत निघताना मोठी आई ताईबरोबर ओढ्यापर्यंत आली. तिथे थांबून म्हणाली, "आता आम्ही त्याला दिवसातून दहादा हाक मारणार. तुझ्या तिकडून ओ यायला नको."

आणि वळून गेली. रागावून नाही गं. दार नीट लाव म्हणतो ना आपण, तसं.

सुनावणीत अधिकाऱ्याने विचारलं, धनी कोण? बसवाल्याने बाळ टेबलावर बसवलं. नाव सांगितलं. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं, बाळाने त्याचं पेन घेतलं. वाळूचं काम थांबलंय. कायमचं की कसं, ते वकीलबाईंनाही माहीत नाही, पण थांबलंय. बसवाल्याने वळणात पहिल्यांदा जाळं टाकलं. रिकामं आलं. त्याने ताईला फोन करून सांगितलं, जेवलात का विचारून, की वळण खोल आहे, शिकावं लागेल, इतक्या वर्षांत शिकवायला कुणी नव्हतं.

मी ताईला विचारलं, नाव काय ठेवलं गं? आम्ही तळघरातच होतो, मी तिला डबा द्यायला गेले होते. ती एकदम माझ्यावर खेकसली, "इथे नको!" आणि मग तिने त्या कपाटाकडे बघितलं आणि मीही बघितलं. मी परत विचारलं नाही.

तर आता काल. काल ती गाडी आली. मी होते तिथे. गाडीवाला पोरगेलासा, कानात गाणी लावलेली, ढकलगाडी घेऊन तळघरात आला. ताईने सगळं काढून दिलं. रसायनांचे डबे, पांढरा पोशाख, ताडपत्रीचा तुकडा. कपाट जवळजवळ रिकामं झालं. मागे ती बरणी उभी. आत लाकूड कसलं, नुसता भुसा वाटतो, चहाची पूड असावी तसा. तुला सांगितलं नाही तर तू दुसऱ्यांदा बघणारही नाहीस.

भट्टीत दिली तर जाळला. आणि जाळला की जात नाही, दिसेनासा होतो, हे ताईने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ठेवली तर तो इथेच, आणि तिकडे ते हाक मारतायत. परत नेऊन दिली तर "गेला" म्हणाली त्याचं काय? नाव लागलंय. लिहून झालंय. आणि पुरायचं म्हटलं तर ती माती मेली, त्या वारुळासारखी.

ताईचा हात कपाटाच्या दारावर होता. किल्ली कुलपात तशीच.

गाडीवाल्याने कानातलं एक काढलं.

"सगळं दिलं ना, मॅडम?"

आणि तिने माझ्याकडे बघितलं. ताईने. माझ्याकडे! आयुष्यात तिने मला साडी कुठली नेसू हेसुद्धा कधी विचारलेलं नाही.

मी खाली बघितलं.

तू सांग ना. तू असतीस तिथे, तर काय केलं असतंस?